देवदूताला आई नसते

वाणी डेंग्यूनं गेली तेव्हा पहिलीत होती. तमिळ मुलुखातल्या शोळिंगनल्लूरला संकेत-सौम्याच्या फ्लॅटमध्ये मग माणसांची रीघ लागली. वाणीच्या बापाच्या, संकेतच्या ऑफिसातले, प्रार्थनागटातले, नगरहून आलेले दोन्हीकडचे नातेवाईक. जो तो सौम्याचा हात धरून एकच सांगे: रडू नकोस, तुझी लेक देवदूत झाली. प्रार्थनागटाच्या ताईंनी तर पुढचंही सांगितलं. देवदूतांना पृथ्वीवरचं काही आठवत नाही, म्हणून तिला आता कसलंच दुःख नाही.

ताई मनापासून बोलल्या होत्या. पण ते वाक्य सौम्याच्या काळजात काट्यासारखं रुतलं. तिला अन्न गोड लागेना. ज्या जिवाला आई आठवतच नाही, त्याला आपलं कसं म्हणायचं? मरणानं लेक नेली होती, आणि उरलीसुरली या वाक्यानं नेली. हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, कारण संकेत त्याच शब्दाला धरून उभा होता. तो ऑफिसला जाई, येणाऱ्याजाणाऱ्याला 'आमची देवदूत' म्हणून फोटो दाखवी. त्यानं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

कबरीचा दगड त्यानंच घडवून घेतला. पांढरा संगमरवर, वर दोन पंख, मधोमध 'आमची देवदूत', नाव त्याखाली बारीक अक्षरांत. तिथं प्रार्थना करायला त्यानं आवडी नावाच्या उपनगरातून मधुसूदन पाळकांना बोलावलं. ते चर्चच्या सेवेतून निवृत्त झाले होते, मुलाच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये राहत आणि महिन्यातून एकदा मराठी उपासना घेत. शिकवणुकीत एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. लोक त्यांना जरा टरकूनच असत.

पाळकांनी दगड वाचला आणि वाकून खालचं बारीक नाव पुन्हा एकदा वाचलं. सौम्यानं ते पाहिलं.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "देवदूताला आई नसते ना?"

"नसते," ते म्हणाले. "पण वाणी देवदूत झालेली नाही, पोरी. देवानं देवदूत वेगळे घडवले, माणूस वेगळा. माणूस मेला तरी माणूसच राहतो. ती ख्रिस्तापाशी आहे. आणि तो येईल तेव्हा ती देहासकट उठेल, तुझी वाणी म्हणूनच उठेल."

"तिला मी आठवत असेन?"

म्हातारा म्हणाला की आत्ता तिला काय आठवतं, काय दिसतं, ते पवित्र शास्त्रात उलगडून सांगितलेलं नाही. आणि जे सांगितलेलं नाही ते केवळ तुला बरं वाटावं म्हणून मी सांगणार नाही. ज्याच्या हाती ती आहे तो तिला नावानं ओळखतो, एवढं मात्र खात्रीनं सांगतो.

सौम्या तिथंच खाली बसली आणि पोटभर रडली. संकेतचा चेहरा मात्र काळवंडला. एका शब्दानं एवढं काय बिघडत होतं, असं म्हणून तो प्रार्थनेला न थांबताच गाडीकडे निघून गेला.

पुढं बरेच दिवस घरात कामापुरतंच बोलणं होई. एका सकाळी सौम्या कॉफी गाळत असताना तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"देवदूत म्हटलं की मला दुसरा शब्द उच्चारावा लागत नव्हता," तो म्हणाला. मग त्यानं तो उच्चारला. "वाणी मेली, सौम्या."

आणि तो ढासळला. ओट्याला टेकून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. रडू नकोस असं ती म्हणाली नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवत एवढंच म्हणाली, "येशूही मित्राच्या कबरीपाशी रडला. त्याला उठवणार होता, तरी रडला."

संकेतनं दगड बदलून घेतला. पाथरवटानं तमिळमध्ये विचारलं, पंख कुठं कोरू? पंख नकोत, नाव मोठं कर, असं त्यानं मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं. नावाखाली 'पुनरुत्थानाची वाट पाहत' एवढंच कोरायचं ठरलं.

मधुसूदन पाळक पुन्हा आले. प्रार्थनेत त्यांनी मरणाला मरणच म्हटलं. मग लेकीचं नाव आईबापांनीच वाचावं, असं त्यांनी सुचवलं. संकेत पुढं झाला, पण दगडावरच्या अक्षरांवर हात ठेवून नुसता रडू लागला. शेवटी सौम्यानं एकटीनं ते वाचलं.