डांबरगोळ्यांची बंदूक

ब्रॅकनशॉ संगणक मंडळाचे अध्यक्ष सिरिल विनस्टन्ली यांना खरखर खपत नसे. पाणीखात्यात असताना त्यांनी तीस वर्षं गावाच्या नळांची खरखर बंद केली. निवृत्त झाल्यावर चर्चच्या ऑर्गनची केली. आणि १९८३च्या ऑक्टोबरात, कुणी सांगितलं नसताना, मंडळाच्या सदस्यांनी बनवलेल्या पाच गेमची केली.

त्या पाचांत एक गेम एनिड क्रॉशॉचा होता.

एनिड एक्कावन्न वर्षांची. लोकरीच्या गिरणीत स्वेटरांची नक्षी चौकटीच्या कागदावर मांडायची. एक घर भरायचं, दोन सोडायची, कोपऱ्यावर वळायचं. असं करता करता डोळ्यांवर चष्मा आला आणि केसांत चांदी आली. वसंतात गिरणी बंद पडली. मुलगा नौदलात गेला, त्याचं संगणकाचं मशीन घरी पडून राहिलं. टीव्हीच्या पडद्यावरची चित्रंही घरं भरूनच काढायची असतात हे तिला कळलं, तेव्हा परक्या गावात कुणीतरी माहेरच्या बोलीत हाक मारावी तसं तिला झालं.

सात महिने ती त्यात बुडाली. गेम असा : लोकरीचं गोदाम म्हणजे एक भुलभुलैया. त्यात लोकर खाणारी कसर शिरलेली. खेळणाऱ्यानं गल्लीबोळांतून पळायचं आणि कसरीवर डांबरगोळ्यांची बंदूक झाडायची. गोदामातल्या भिंती तिनं जुन्या स्वेटरांच्या नक्षीवरून उचलल्या होत्या.

"मिसेस क्रॉशॉ," विनस्टन्ली म्हणाले होते, "तरुणांना अवकाश हवं असतं. कसर कोण मारतं?"

"तुमच्या कोपराला भोक पडलंय ते मग कुणी पाडलं, अवकाशानं?" चहाच्या बंबापाशी उभी असलेली डॉट म्हणाली. डॉट एनिडची गिरणीतली मैत्रीण. संगणकातलं तिला ओ की ठो कळत नसे, पण मंडळाची एकही गुरुवारची बैठक ती चुकवत नसे.

त्या गुरुवारी मँचेस्टरच्या एका कंपनीचा माणूस येणार होता. गेम बघणार, एक निवडणार, आणि तो देशभर दुकानांत जाणार. एनिडनं चांगला निळा ब्लाउज घातला होता. गिरणी सुटल्यापासून कुणी तिचं काम बघायला म्हणून आलं नव्हतं.

माणूस साडेसहाला मंडळाच्या हॉलवर आला. गॅरेथ प्रॉबर्ट, वय पंचवीस, टाय बुटाच्या नाडीएवढा. "माझी पावणेआठची गाडी आहे," आल्या आल्याच तो म्हणाला.

"घाई नको," विनस्टन्ली म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचं ब्लँकेट बाजूला केलं. खाली त्यांचा जर्मन टेपडेक. पुढं काच, काचेआड दोन नाचरे काटे. गावात असा दुसरा नव्हता, आणि हे त्यांनी गावात प्रत्येकाला सांगितलं होतं. "नियम नऊप्रमाणे सगळ्यांनी आपापल्या दोन्ही प्रती माझ्याकडे जमा केल्या. मी सगळे गेम एका कॅसेटवर घेतलेत. अगदी स्वच्छ."

त्या काळी गेम कॅसेटमध्ये असायचा तो नुसता आवाज म्हणून. किरकिर, चीं चीं, खर्र. माणसाच्या कानाला छळ, पण मशीन तेवढंच ऐकून शहाणं व्हायचं.

पहिला लावला तो अध्यक्षांचा स्वतःचा गेम, 'अवकाशाचा अधिपती'. डेकचे काटे डौलात हलले. पाच मिनिटं गेली. पडद्यावर एक ओळ आली : टेप वाचता येत नाही.

दुसरा लावला. वाचता येत नाही. तिसरा. चौथा. एनिडचा पाचवा.

"स्वच्छ म्हणजे नेमकं काय केलंत तुम्ही?" गॅरेथनं विचारलं.

"खरखर घालवायचं बटण दाबलं. अहो, केवढी खरखर होती! माझ्या गेममध्ये तर सगळ्यात जास्त. तो मी दोनदा स्वच्छ केला."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं.

"ती खरखर म्हणजेच गेम होता, साहेब," गॅरेथ हळू आवाजात म्हणाला. "असो. मूळ कॅसेट द्या."

विनस्टन्लींनी घसा खाकरला. "मूळ कॅसेटवर आता माझं ऑर्गनवादन आहे. चांगल्या कॅसेट होत्या, वाया कशाला घालवायच्या?"

"दोन्ही प्रतींवर?" एनिडनं विचारलं.

"भजनं बरीच आहेत, मिसेस क्रॉशॉ."

एनिडनं पिशवी जवळ ओढली. सात महिन्यांची कसर, सात महिन्यांच्या भिंती, आणि त्यावर हा माणूस पाय हलवत ऑर्गन वाजवत बसला होता. गॅरेथ कोट घालू लागला.

"गेमची सगळी आज्ञावली माझ्या वहीत आहे," ती म्हणाली. "परत टाइप करायला तीन आठवडे लागतील."

"पाठवा की मग. बघू." म्हणजे बघणार नाही, हे तिलाही कळलं.

"बस रे राजा," ती एकदम म्हणाली. "गाडीला अजून अर्धा तास आहे." तिनं पिशवीतून चौकटीचा मोठा कागद काढून टेबलावर पसरला. गोदाम. "हे शर्टाचं बटण म्हणजे तू. डॉट, बेदाणे आण."

"कशाला गं?"

"कसर म्हणून."

डॉटनं एका बनपावाची निर्दयपणे चिरफाड केली आणि नऊ बेदाणे आणून ठेवले.

"तू एक घर चाल नाहीतर गोळी झाड, मग त्या चालतील. कुठं जायचं ते त्यांच्या मनावर नाही, माझ्याही नाही. नियम ठरलेला आहे." आणि गिरणीत टाके मोजताना धरायची तसा सूर धरून तिनं म्हटलं :

"सरळ जावं, सरळ जावं, भिंत आली की डावं,
माणूस दिसता ओळीमध्ये दोन घरं धावावं."

गॅरेथ हसला. कोट न काढताच बसला. बटण एक घर सरकवलं. एनिडच्या बोटांनी नऊ बेदाणे पुढं सरकवले, एकदाही न चुकता, एकदाही न थांबता. मशीनला शिकवण्याआधी तिनं हे कागदावर शेकडो वेळा केलं होतं.

सातव्या चालीत एका बेदाण्यानं त्याला गाठलं आणि तो मेला.

"हा मला दिसलाच नाही!"

"कोपऱ्याआड होता. परत बस."

दुसऱ्या डावात त्यानं तीन कसरी मारल्या आणि मारलेल्या खाऊन टाकल्या. तिसऱ्या डावात कोट काढला. मंडळी टेबलाभोवती गोळा झाली. "डावीकडं, अरे डावीकडं!" "गोळी झाड की, कुणाची वाट बघतोस?" बेदाणे हलले की सगळा हॉल एका सुरात म्हणू लागला, भिंत आली की डावं.

"नियम चारप्रमाणे," विनस्टन्ली मागून म्हणाले, "टेबलावर खाद्यपदार्थ ठेवता येत नाहीत. शिवाय गेम यंत्रावर चालला पाहिजे."

"ओ, जरा सरका," गॅरेथ कागदावरची नजर न काढता म्हणाला, "उजेड अडतोय."

पावणेआठची गाडी गेली. शिट्टी सगळ्यांना ऐकू आली, त्याला सोडून. सव्वाआठला शेवटची कसर त्याच्या तोंडात गेली, तेव्हा तो दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि मग टाय सारखा करत पुन्हा कंपनीचा माणूस झाला.

"घेतो आम्ही. तीन आठवड्यांत टाइप करून थेट माझ्या नावावर पाठवा, मधे कुणाच्या हातात देऊ नका. फक्त एक बदल. कसरीच्या जागी परग्रहावरचे राक्षस टाकू. पोरांना तेच आवडतं."

"तू तासभर खेळलास," एनिड म्हणाली. "राक्षसाची आठवण एकदा तरी झाली का?"

गॅरेथनं टाय पुन्हा सैल केला.

"त्याला कसरच आवडली गं," डॉट म्हणाली. "नऊ खाल्ल्या त्यानं."

"बरं. कसरच," तो म्हणाला. मग जरा ओशाळून त्यानं विचारलं, "यापुढचं गोदाम आहे का?"

"अकरा आहेत."

डॉट दुसरा बन फोडायला गेली. एनिडनं नवा कागद उलगडून हातानं सपाट केला. सगळ्या गल्ल्या पांढऱ्या, सगळे कोपरे शांत. त्यात आजवर तिच्याशिवाय कुणी पाऊल टाकलं नव्हतं. तिनं बटण दाराशी ठेवलं आणि हात मागं घेतला.

"चाल," ती म्हणाली.