हडळीचा आवाज

तीर्थपुरीत सिनेमा निघणार म्हटल्यावर माझ्या ब्युटी पार्लरला बरे दिवस आले. दिग्दर्शक हरिओम जालन्याचाच, पण पुण्यात शिकून आलेला. सिनेमा भुताचा आणि विनोदी. मेकअपचं काम मला देऊन त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "मीनाताई, हडळ गोरीपान पाहिजे."

"का? आमच्याकडं मेल्यावर माणूस गोरं होतं का?" मी विचारलं. तो नुसता हसला. त्याच्या सिनेमात नायिका गोरी, तिला झपाटणारी हडळही गोरी. सावळी काय ती मोलकरीण, आणि आपल्यासारखं बोलणारीही ती एकटीच. लोकांनी तिला हसायचं, बस.

हडळ झाली होती आयेशा, माझ्या शेजारच्या दुकानात ब्लाउज शिवणारी. हडळ व्हायला तिची ना नव्हती. तिचा जीव अडकला होता आवाजात. हडळीला सिनेमाभर एकच वाक्य होतं आणि तेही पुण्यातली कुणीतरी म्हणणार होती. आयेशाच्या घरची बोली उर्दू, तिच्या मराठीलाही तेच वळण. हरिओमचं म्हणणं, लोक घाबरायचं सोडून हसतील.

"मीनादीदी, मुंह मेरा, आवाज दुसरेकी," रंग लावून घेताना ती म्हणाली. "फिर मैं उसमें हूँच कहाँ?" मी तिच्या गालावर पांढऱ्या रंगाचा आणखी एक हात फिरवला.

शूटिंग कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये होतं. भर दुपारी काळे पडदे लावून रात्र केलेली. प्रसंग साधाच. दारावर थाप पडते, मोलकरीण दार उघडते, हडळ पाहून किंकाळी फोडते आणि धाडकन पडते. मोलकरीण म्हणजे आमच्या गल्लीतल्या चतुराबाई. सकाळपासून किंकाळ्या मारून त्यांनी सगळ्यांचे कान किटवले होते.

कॅमेरा सुरू झाला. थाप पडली, दार उघडलं. बाहेर आयेशा, केस मोकळे, चेहरा पांढराफटक. आणि चतुराबाई किंकाळीच विसरल्या. दारात बाईमाणूस उभं दिसलं की आमच्याकडं जे आपोआप तोंडात येतं, तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"कोण्या गावची गं माय तू? जेवलीस का न्हाई?"

शेडभर हशा पिकला. हरिओमने कपाळाला हात लावला. आयेशा मात्र हसली नाही. कुणी थांबवायच्या आत ती बोलली, घरी बोलते तशी.

"यहींकी हूँ, अम्मा. मेरेकू देखके सब भागतेच. खाना खाई क्या, कोई पूछ्याच नै."

हसू जागच्या जागी विरलं. रंग मीच लावलेला, तरी मला आयेशा दिसेना. दिसत होती आमच्याच बाजारात वावरून मेलेली एक बाई, आणि ती आमच्याशी बोलत होती. भीती वाटली, पण हात जोडावेसे वाटणारी. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

चतुराबाई दारातून बाजूला सरकल्या. "मंग ये की आत. घर काय पळून चाल्लंय का?"

लोक पुन्हा हसले, डोळे पुसत. हरिओम 'कट' म्हणायचंही विसरला होता. शेवटी त्याने आवाज टिपणाऱ्या पोराला हळूच विचारलं, "आवाज बराबर आला ना?" मग पुण्याला फोन लावून त्या बाईला नको म्हणून सांगितलं.

सिनेमा आधी गावातल्या मंगल कार्यालयात दाखवला. आयेशाची आई जुबेदा माझ्या शेजारी बसली होती. लेकीचं काम कोणतं, हे तिला लेकीने सांगितलं नव्हतं. पडद्यावर हडळ आली तशी तिने भिऊन माझा हात धरला. मग हडळ बोलली. जुबेदा माझा हात सोडून ताडकन उभी राहिली.

"अगे माँ! ये तो मेरी बच्ची है!"

मागून कुणीही खाली बसा म्हटलं नाही.