केवन हिरची उलटी फेरी

बुधवारची प्रार्थना संपली तसा आम्ही चॅपेलच्या मागच्या खोलीत टेबलावर नकाशा पसरला. चारी कोपऱ्यांवर गीतांची पुस्तकं ठेवावी लागली, कारण वर्षभर गुंडाळून राहिलेला तो नकाशा पुन्हा पुन्हा स्वतःला मिटून घेत होता. जूनच्या पहिल्या शनिवारची केवन हिरची फेरी दहा दिवसांवर आली होती, आणि मला सकाळपासून दुसरं काही सुचत नव्हतं.

केवन हिर डोंगराची धार घोड्याच्या नालेसारखी वाकलेली आहे, आणि आमचं गाव त्या नालेच्या तोंडाशी. एका टोकाला खाणीतल्या गाड्यांचा जुना रस्ता, सावकाश चढत जाणारा. दुसऱ्या टोकाला खाणकामगारांचा जिना, पाटीच्या दगडाच्या चारशेवर पायऱ्या. आजवर आम्ही रस्त्यानं चढत आलो आणि जिन्यानं उतरत आलो.

"सात मैल, दोन हजार फूट चढ," निवृत्त पोस्टमन रीस पेन्सिल चाटत म्हणाला. "तीन तास वीस मिनिटं."

"आणि आम्ही बोलत चालतो त्याचे?" माझ्या मैत्रिणीनं, एलुनेदनं, विचारलं.

"तुझे दोन तास वेगळे धरलेत."

मधल्या शिखरावर आमचे पाळक तेगिद प्रवचन करतात. सुरुवात साधी असते, शेजाऱ्याशी बोलावं तशी. मग शब्द त्यांना धरतो, आवाज हळूहळू सुरात चढतो, आणि बोलणं कुठं संपलं, गाणं कुठं सुरू झालं, ते कळत नाही. त्या वेळी देव हाताच्या अंतरावर असतो. वर्षभर मी त्या पंधरा मिनिटांची वाट बघते. प्रवचन थांबलं की माझा भाऊ इदवाल स्वर धरून देतो, आणि चाळीस माणसं चार आवाजांत गायला लागतात.

इदवाल आता त्र्याहत्तर वर्षांचा. फेब्रुवारीत त्याचा गुडघा बदलला. आत्ता तो आमच्याकडे पाठ करून कप विसळत होता.

"यंदा मी खाली," तो म्हणाला. "कुणीतरी चहाचं बघायला हवं."

"चहाचं मी बघते," एलुनेद म्हणाली. "तुझा चहा पिऊन कुणी वर गेलं तर ते कायमचं."

तो हसला नाही. बेचाळीस फेऱ्यांत तो एकदाही चुकला नव्हता, आणि आत्ता तो तोच कप तिसऱ्यांदा विसळत होता. यंदा राहिला, तर पुढल्या वर्षी तो विचारणारसुद्धा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पण मी त्याला रोज बघत होते. दफनभूमीची टेकडी तो सरळ चढायचा, वहिनीच्या थडग्यावर फुलं ठेवायचा आणि उतरताना मात्र लांबचा वळणाचा रस्ता धरायचा. चढ त्याला जमत होता, उभा उतार जमत नव्हता.

"उलटं फिरू या," मी म्हणाले. "जिन्यानं चढू, रस्त्यानं उतरू."

सगळ्यांनी इदवालकडे पाहिलं आणि मग पाळकांकडे. तेगिद हे देहानं उदार गृहस्थ आहेत.

"पाळकसाहेब चढतील," एलुनेद म्हणाली, "पण प्रवचन खालीच राहील."

तेगिद स्वतःच हसले. "यंदा पाच मिनिटं करू. सुराबिराशिवाय. इदवाल वर असला म्हणजे झालं."

"तो नसला तर गीत मी उचलेन," रीस म्हणाला. "मागे एकदा वर त्याला खोकला लागला होता तेव्हा उचललंच होतं."

"ते ऐकलंय मी, म्हणूनच पाच मिनिटं," तेगिद म्हणाले.

माझ्याच तोंडानं मी माझं प्रवचन घालवलं होतं. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

इदवाल हात पुसत टेबलापाशी आला. "माझ्या गुडघ्यापायी प्रवचन कापायचं नाही," तो म्हणाला. "त्यापेक्षा मी येत नाही."

"मग धाप न लागता पाळकांना जिना चढवणार कसा?" रीसनं विचारलं.

"तुझ्या मागून नाही. तू अजून कुत्रं मागे लागल्यासारखा चालतोस, आणि हे बिचारे तुला गाठायला धावतात. त्यांना धाप लागते ती तुझ्यापायी." इदवालनं नकाशा स्वतःकडे ओढला. "माझ्या मागून आले तर लागणार नाही. मला दर वीस पायऱ्यांवर थांबावंच लागतं. मग तेही थांबतील."

तेगिद म्हणाले, "वीसवर थांबायचं असेल तर मी पूर्ण प्रवचन करीन. गाऊन."

"मग जिन्याला एक तास धरावा लागेल," रीस म्हणाला.

"दीड धर," इदवाल म्हणाला. "आणि साडेआठला नाही, साडेसातला निघायचं. नऊनंतर जिन्यावर ऊन येतं." रीसच्या हातातली पेन्सिल घेऊन तो नकाशावरचे जुने बाण खोडायला लागला. पहिला खोडला, दुसरा खोडला, आणि जिन्याच्या पायथ्यापासून नवा बाण काढताना गुणगुणायला लागला.

मी वहीत नावं लिहायला घेतली. सगळ्यांत वर इदवाल, त्याच्या मागे पाळक. तिसरं नाव मी माझं लिहिलं.