चार बोटं बाजूला

मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे आणि आजवर मला जेवढे फटके बसले, तेवढे तुमच्या अख्ख्या शाळेला मिळूनही बसले नसतील! अंगावर चामडं, पोटात चिंध्या, डोक्यावर साखळी. वजन पन्नास किलो, आणि ते मी कुणापासून लपवत नाही.

बॅगा शिवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या आजूबाजूला दप्तरं होती, प्रवासाच्या बॅगा होत्या. त्या सगळ्या कुठे कुठे जाणार होत्या. मी मात्र एकदा टांगली गेले ती टांगलेलीच. पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली, मधोमध दोरखंडांची रिंग, भिंतीवर दर तीन मिनिटांनी वाजणारी घंटा आणि खिळ्यांवर वाळत घातलेल्या हाताच्या पट्ट्यांचा आंबूस वास. हेच माझं घर.

या घराचे मालक म्हणजे मास्तर. काडीसारखे बारीक, पण त्यांची हाक ऐकून दणदणीत माणसं दचकायची. त्यांच्या कानावर कायम खडूचा तुकडा असायचा. त्यांची एक पद्धत होती. ज्याचा सराव असेल त्याच्या उंचीप्रमाणे ते माझ्या अंगावर वाटीएवढं वर्तुळ काढायचे. ठोसा नेमका बसला की खडू ग्लव्हला लागायचा. सराव संपला की मास्तर म्हणायचे, "दाखवा हात!" शाळेत नखं तपासतात ना, अगदी तसं.

मी पुष्कळांचे ठोसे खाल्ले, पण डोंगरची गोष्टच वेगळी. त्याला सगळे डोंगरच म्हणायचे. हेवीवेट गटातला तो आमचा एकुलता एक बॉक्सर. दारातून आत येताना तो जरा तिरका व्हायचा. त्याचा पहिला ठोसा बसला तेव्हा माझ्या पोटातल्या चिंध्यांनी आपापल्या जागा बदलल्या होत्या. लढायची रीत साधी : जवळ जायचं, पाय रोवायचे आणि समोरचा आडवा होईपर्यंत थांबायचं नाही. अकरा लढती, अकरा विजय.

एकच खोड होती. उजवा हात सोडला की त्याचा डावा हात चेहऱ्यासमोरून खाली यायचा, थेट कमरेपर्यंत, जणू खिशात रुमाल शोधतोय.

"डावा वर, डोंगरा! डावा वर!" मास्तर घसा फोडून ओरडायचे.

"मास्तर, समोरचा उभा राहिला तर ना!" तो हसत म्हणायचा. आणि मीही मनात हसायचे, कारण मला वाटायचं, खरंच की, कोण उभं राहणार!

बाराव्या लढतीत समोरचा उभा राहिला.

मी तिथे नव्हते. मी कुठेच जात नसते. पण मास्तरांनी डोंगरच्या धाकट्या बहिणीला सांगितलं ते माझ्यासमोरच. चौथ्या फेरीत डावा हात खाली आला आणि त्याच्यावरून समोरच्याचा उजवा ठोसा डाव्या डोळ्यावर बसला. डोंगर उघड्या डोळ्यांनी कोसळला. पंचांनी दहा आकडे मोजले. त्यातला एकही त्याला ऐकू आला नाही.

दीड महिन्याने तो आला आणि बाकावर बसला. बराच वेळ नुसता पट्ट्या गुंडाळत, सोडत राहिला.

"मास्तर, मी पुन्हा तसाच लढलो तर?"

"तर पुन्हा तसाच पडशील. हे बघ, असं पडून उठलेले मोठे बॉक्सर दोन प्रकारचे होतात. एक घाबरून हातच सोडत नाही. दुसरा चिडतो आणि आधीपेक्षा जास्त आत घुसतो. दोघंही पुन्हा हरतात. तुला तिसरा व्हायचंय."

"तो कसा असतो?"

"तो शिकतो. चल, उठ."

मग सुरू झाली ती शाळाच! हनुवटी छातीला टेकलेली राहावी म्हणून मास्तरांनी त्याच्या हनुवटीखाली घडी केलेला रुमाल ठेवला. रुमाल पडला की दहा उठाबशा. पहिल्या दिवशी एकशेवीस झाल्या, मी मोजल्या. डावा ग्लव्ह गालाला चिकटलेला हवा. दोन ठोसे, की लगेच बाजूला पाऊल.

"मारायचं आणि निघायचं. पाहुण्यासारखं बसकण मारायची नाही!"

"निदान चहा तरी घेऊन निघू का?"

"चहा घरी! डावा वर!"

मित्रांनो, मला एक गोष्ट कळत होती, जी बाकी कुणालाच कळत नव्हती. त्याचा हात माझ्यापर्यंत येता येता कचरायचा. तापलेल्या तव्याला आपण बोट लावून बघतो ना, तसा. एवढा मोठा माणूस आणि तो मला, एका टांगलेल्या गाठोड्याला, घाबरत होता. मला इतकं भरून आलं! मी मनात म्हणायचे, मार रे, मी काही उलटून मारत नाही.

हळूहळू भीती गेली. पाय हलके झाले. हा एवढा डोंगर माझ्याभोवती असा फिरू लागला की माझी साखळी कुरकुरायची विसरली. ठोसे निम्मे झाले होते, पण प्रत्येक ठोसा विचार करून आलेला. मार खाताना मला पहिल्यांदाच छान वाटलं. चार महिन्यांनी पुन्हा लढत ठरली. त्याच माणसाशी.

आणि तेव्हाच त्याचे ठोसे वर्तुळाबाहेर पडू लागले. चार बोटं बाजूला.

मास्तर कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मग स्वतःशीच मान डोलावली. "बरोबरच आहे. पाय बदलले, उभं राहणं बदललं, मग हात जुन्या जागी कसा येईल? रीत नवी, तर टप्पा नवा." त्यांनी ओल्या फडक्याने वर्तुळ पुसलं आणि चार बोटं बाजूला नवं काढलं.

"दाखवा हात!"

दोन्ही ग्लव्ह पांढरे! सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या.

महिन्याभराने ठोसे आणखी दोन बोटं सरकले. मास्तरांनी पुन्हा पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा पांढरे हात, पुन्हा शाबासकी.

पण मला दिसत होतं. पूर्वी तो माझ्याकडे समोरून बघायचा. आता मान डावीकडे वळवून एकाच डोळ्याने बघायचा, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. एका दुपारी खोलीत कुणी नव्हतं. त्याने कपाळ माझ्या अंगाला टेकवलं आणि हळूच म्हणाला, "डाव्या बाजूने काळं आत येतंय गं. पडदा ओढल्यासारखं. लढत झाली की दाखवतो डॉक्टरला. तोवर कुणाला सांगू नकोस हं."

मी कुणाला सांगणार होते! चामड्याला तोंड नसतं. त्या दिवशी मला माझ्या सगळ्या फटक्यांपेक्षा ते जास्त लागलं.

लढत नऊ दिवसांवर आली असताना मी फाटले. मला शिवायला डोंगरची धाकटी आली. ती बॅगा दुरुस्त करायच्या दुकानात काम करायची. तिने पिशवीतून दाभण काढलं, दोऱ्याला मेण लावलं, माझ्या अंगावरून हात फिरवला आणि थांबली.

"मास्तर, ही इथे कशी फाटली? इथे तर शिवण आहे. शिवणीवर कोण मारतं?"

"वर्तुळच तिथे आहे, बाळा."

"मग वर्तुळ तिथे का आहे?"

"त्याची उभं राहायची रीत बदलली, म्हणून," मास्तर म्हणाले.

धाकटीने माझ्या मधल्या चामड्यावर बोट ठेवलं. तिथे जुनी झीज होती. मग बोट हळूहळू बाजूला नेत तिने ताजी झीज दाखवली, थेट शिवणीपर्यंत. "हा माणूस नुसता नव्या रीतीने उभा राहायला शिकला असता तर झीज एकदाच सरकून थांबली असती. ही तर सरकतच चाललीय." तिने मागे वळून पाहिलं. डोंगर बाकावर बूट बांधत होता. ती गुपचूप त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि दोऱ्याचं रीळ त्याच्याकडे हळूच टाकलं. लहान मूलसुद्धा मान मागे घेईल, इतकं हळू.

रीळ त्याच्या गालावर आदळलं. त्याने पापणीही लववली नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "कधीपासून?"

"काही नाही गं, जरासं..."

"कधीपासून, दादा?"

मास्तरांच्या कानावरचा खडू खाली पडून फुटला.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. त्या ठोशानेच चीर पडली असणार, मग रोज थोडा थोडा सुटत गेला. सुरुवातीलाच आणलं असतं तर वाचला असता. त्यांनी शस्त्रक्रिया केली, पण त्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. आणि ठोसा? यापुढे एकही नाही. कधीच नाही.

"तुम्हाला कसं कळणार होतं, मास्तर," डोंगर परत आला तेव्हा म्हणाला. "लपवलं तर मी."

"तू दाखवलंस रे. रोज दाखवलंस." मास्तरांनी माझ्या अंगावरच्या वर्तुळावर बोट ठेवलं. "मी पुसत राहिलो."

लढत ज्या दिवशी व्हायची होती, त्या संध्याकाळी तो आला. डोळ्यावर पट्टी. सरळ बाकावर बसला आणि स्वतःच्या हाताला पट्ट्या गुंडाळल्या. मग दोन्ही ग्लव्ह घालून हात मास्तरांपुढे धरले.

"बांधा."

"डोंगरा, नको रे."

"मारणार नाही. नुसते बांधा."

ग्लव्हच्या नाड्या स्वतःला बांधता येत नाहीत, मित्रांनो. सोडताही येत नाहीत. मास्तरांनी बांधल्या. मग दोघं शेजारी शेजारी बसले. भिंतीवरची घंटा वाजत होती, फेरीमागून फेरी. डोंगर डावा हात गालाला लावून, हनुवटी छातीला टेकवून बसला होता. इतका अचूक की रुमाल ठेवला असता तर हलला नसता. बाराव्या, म्हणजे लढतीतल्या शेवटच्या फेरीच्या घंटेनंतर त्याने हात पुढे केले.

"आता सोडा."

त्यानंतर तो आला नाही. आता आमच्याकडे कुणी हरून परत आला की मास्तर त्याला आधी डॉक्टरकडे धाडतात आणि मगच माझ्यापुढे उभं करतात. नवे लोक कुरकुरतात. मला ती कुरकुर फार गोड लागते.

मित्रांनो, पडलेला माणूस उठून उभा राहिला की आपण टाळ्या वाजवतो. वाजवा, जरूर वाजवा. पण नंतर त्याच्याजवळ जाऊन विचारा, "तुला बरं आहे ना?" तो "काही नाही" म्हणेल. मग पुन्हा विचारा. मला विचारायचं होतं हो. रोज, प्रत्येक ठोशाला विचारायचं होतं. तुम्हाला तर तोंड आहे.