चारशे सत्त्याण्णव दिवस

भट्टीमालक ग्रोझ्दानचा हात पेटीच्या बटणाकडे गेला तसा नेद्याल्को मध्ये आला.

"बंद करून परत चालू कर, एवढंच म्हणतोय मी," ग्रोझ्दान म्हणाला. "माझ्या घरचा टीव्हीसुद्धा तसाच सुधारतो."

"हा टीव्ही नाही. बंद केली तर आतलं सगळं पुसलं जाईल. कालिनाने बजावलं होतं."

त्याच्या बायकोने, कालिनाने, असं काही बजावलं नव्हतं. पण ती आता सांगायला येणार नव्हती, आणि भट्टीवर दुसऱ्या कोणाला त्यातलं कळत नव्हतं.

भिंतीवरची ती राखाडी लोखंडी पेटी गुलाबतेलाच्या चारही भट्ट्या चालवायची. वाफ केव्हा सोडायची, किती वेळ ठेवायची, थंड पाणी केव्हा, सगळं तिच्यात होतं. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी तिने आपणहून वाफ बंद केली आणि ती नुसती उभी राहिली. दिवे लागलेले होते, आतला पंखा फिरत होता, काम मात्र नाही. वाफेच्या झडपा हाताने फिरवायची सोय कधीच काढून टाकली होती. पहाटे खुडलेली फुलं गोण्यांतून काढून शेडच्या गार फरशीवर पसरली होती आणि बायका ती काट्यांनी वरखाली करत होत्या. संध्याकाळ टळली की फुलं आंबणार. आंबलेल्या फुलांचं तेल कोणी घेत नाही.

"सात वाजेपर्यंत थांबतो," ग्रोझ्दान म्हणाला. "सातला ट्रक येईल, फुलं पलीकडच्या भट्टीला जातील आणि ही पेटी उद्या भंगारात. सोळा महिने बघतोय मी. बॅटऱ्या काय बदलतोस, धूळ काय पुसतोस. अंगाई तेवढी म्हणायची राहिलीय."

तो दारात उभ्या असलेल्या बाईकडे वळला. "बाई, तुम्हीच बघा आता. या पेटीचं आणि तुमचं जमलं तर."

बाईचं नाव बिल्याना. पेटी दुरुस्त करायला प्लोव्दिवहून दीड तास गाडी चालवत आली होती. वय पस्तिशीचं, केस पेन्सिलने अडकवलेले. ग्रोझ्दान गेल्यावर ती नेद्याल्कोला म्हणाली, "काका, बाजूला होता का थोडं? बटणाला हात लावत नाही. शपथ."

तो बाजूला झाला, पण फार नाही.

सोळा महिन्यांपूर्वी, जानेवारीत, कालिनाने पेटीत नवा प्रोग्रॅम चढवला, हे बटण लावलं आणि त्याच दिवशी ती हॉस्पिटलात गेली. घरी परत आली नाही. तिने सुरू केलेलं आणि अजून चालू असलेलं असं जगात एवढंच उरलं होतं. म्हणून नेद्याल्कोने पेटी बंद होऊ दिली नव्हती. गावात वीज जाते, तर ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या तो आलटूनपालटून जोडत आला होता. कोणी विचारलंच तर, बंद ठेवली तर हिवाळ्यात ओल धरते, असं सांगायचा.

बिल्यानाने चार स्क्रू काढून झाकण उतरवलं, खालच्या अंगाला बोट फिरवलं आणि ती हसली.

"सीरियल पोर्ट ठेवलाय. देव भलं करो ठेवणाऱ्याचं. चालू पेटीशी बोलता येईल."

"बंद न करता?"

"बंद न करता. तीनच तारा आहेत. एक बोलायची, एक ऐकायची, एक दोघांची सामाईक अर्थिंगची."

तिने लॅपटॉप तेलाच्या रिकाम्या पिंपावर ठेवला, केबल जोडली आणि एक कळ दाबली. काहीच आलं नाही. दोनदा दाबली. मग स्वतःच्याच कपाळावर चापट मारली.

"पंधरा वर्षं झाली, तरी पहिल्यांदा हेच करते मी. माझं तोंड हिच्या तोंडाला जोडलं. दोघं बोलतायत, ऐकतंय कोण?"

तिने दोन तारांची अदलाबदल केली. आता पडद्यावर अक्षरं आली, पण नुसता कचरा. कुठल्याच भाषेतली नाहीत.

"बिघडलीय?" नेद्याल्कोने विचारलं.

"नाही हो. ती सावकाश बोलतेय आणि मी भरभर ऐकतेय." तिने वेग कमी केला. परत कचरा. आणखी कमी केला. कळ दाबली, आणि पडद्यावर एकच खूण आली, तिच्याशेजारी लुकलुकणारी रेघ. बिल्याना मागे सरली.

"बघा. विचार, म्हणतेय."

नेद्याल्को वाकून बघत राहिला. सोळा महिने त्याने पेटी पुसली होती, तिच्या पंख्याचा आवाज ऐकला होता. पेटी काही विचारल्यावर उत्तर देते, हे त्याला आजच कळत होतं.

"हिच्यात एक चिमुकला प्रोग्रॅम वेगळा ठेवलाय," बिल्याना सांगत होती. "बाहेरून कोणी हाक मारली तर ओ देतो. मी म्हटलं थांब, की पेटीचं काम आहे त्या जागी थांबवतो. मग मी आत काय आहे ते वाचायचं. म्हटलं चाल, की तिथूनच पुढे. प्रोग्रॅमचे मूळ कागद आहेत का कुठे? छापलेले?"

कागद होते. कपाटाच्या तळातून त्याने भोकांच्या कडांची, घड्या घातलेली चवड काढून आणली. समासात निळ्या शाईत कालिनाचं बारीक अक्षर होतं. बिल्याना ती पानं पिंपावर पसरून वाचत गेली. एकदा शीळ घातली, पान उलटलं, परत मागे गेली.

"एवढ्याशा मेमरीत बसवलंय सगळं. आमच्याकडची पोरं एक दिवा लुकलुकवायला याच्या शंभरपट खातात."

घरून आणलेल्या, चीज भरलेल्या बनित्साचा एक तुकडा नेद्याल्कोने कागदासकट तिच्यापुढे सरकवला. तिने तो न बघताच खाल्ला, पण बोटं पानांना लागू दिली नाहीत.

"आता थांबवते," ती म्हणाली आणि कळीवर बोट ठेवून थबकली. "एक सांगून ठेवते, काका. या पेट्यांमध्ये राखणदार असतो. प्रोग्रॅमने त्याला दर सेकंदाला मी जिवंत आहे असं सांगत राहायचं. सांगायचं राहिलं, की त्याला वाटतं मेला, आणि तो पेटी पहिल्यापासून सुरू करतो. मी काम थांबवलं की सांगणारा कोणी उरत नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी याचा विचार केला नसेल, तर मी थांब म्हणताक्षणी सगळं जाईल. थांबवू?"

शेडमधून काट्यांचा खरखर आवाज येत होता. साडेपाच वाजून गेले होते.

"तिने केला असेल विचार," नेद्याल्को म्हणाला. पण त्याने पिंपाची कड धरली होती.

बिल्यानाने कळ दाबली. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला. एक सेकंद गेला, दोन, पाच. पेटी तशीच होती. पडद्यावर आकड्यांच्या चार ओळी आल्या.

"केला होता," बिल्याना हळूच म्हणाली. "राखणदाराला सांगून ठेवलंय, बाहेरचं कोणी बोलत असेल तर गप्प बस म्हणून. मला स्वतःला हे सुचायला तीन पेट्या जाळाव्या लागल्या."

मग तिने पडद्यावरचा आकडा कागदावर शोधला, कागदावरचा पडद्यावर. एक बोट पानावर, एक कळीवर. नेद्याल्कोला त्यातलं काही समजत नव्हतं, पण चांगलं काम करणारा हात त्याला ओळखता यायचा. कालिनाही अशीच बसायची. चहा गार व्हायचा, खांदे वर गेलेले, आणि हाक मारली तर उत्तर मिनिटभराने.

"हं," बिल्याना म्हणाली. पडद्यावर एकाला एक लागून आठ सारखीच अक्षरं होती. "हे पेटीचं घड्याळ. बटण लावल्यापासून किती वेळ झाला ते सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतं. ते भरलंय. याच्यापुढे आकडा बसत नाही. आणि घड्याळ हललं नाही तर पेटीच्या लेखी वेळ पुढे जात नाही."

केसांतली पेन्सिल काढून तिने समासाबाहेर भागाकार मांडला.

"चारशे सत्त्याण्णव दिवस, दोन तास, सत्तावीस मिनिटं. आज एक वीसला थांबली. उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढे केली तो तास काढायचा..." ती मागे मागे मोजत गेली. "गेल्या वर्षी सतरा जानेवारी. सकाळी नऊ बावन्न."

नेद्याल्को पंख्याकडे बघत होता.

"मी बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो," तो म्हणाला. "मग ती हात पुसत आली. चल म्हणाली."

बिल्यानाने पेन्सिल खाली ठेवली. पेटीकडे, कोपऱ्यातल्या बॅटऱ्यांकडे, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि पुढचं पान उलटलं.

"घड्याळ भरलं तर काय करायचं, तेही लिहिलंय इथे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "आधी वाफ बंद. मग थंड पाणी चालू. मग थांबायचं. मेमरीतली जागा संपत आली होती त्यांची, शेवटी अकराच घरं उरलीत. तरी यासाठी काढली. आणि शेजारी शाईत लिहिलंय, 'ऑक्टोबरात पेटी बंद होते, इथवर येणार नाही. आली तर भट्टीजवळ माणूस असतो.'" तिने वर पाहिलं. "भट्टीजवळ कोण असतं, काका?"

"मी."

तिने पान खाली ठेवलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हा आकडा मी इथूनच शून्य करू शकते. बंद करायची गरज नाही. पेटी तशीच चालू राहील, सतरा जानेवारीपासूनची. फुलांना दोन्ही सारखंच."

"तसं होतं?"

"होतं. मी कोणाला सांगणार नाही."

त्याने मान हलवली, पण हो की नाही ते तिला कळायच्या आत ग्रोझ्दान आत आला. ट्रक फाटकात आला होता, त्याचं इंजिन चालूच होतं.

"काय निघालं?"

"घड्याळ भरलं होतं," बिल्याना म्हणाली. तिची बोटं कळांवर होती.

"म्हणजे प्रोग्रॅममध्येच चूक. मी म्हणत नव्हतो? बाई हुशार होती, नाही कोण म्हणतो, पण माणसाच्या हातून राहतं. हिशेबात नाही आलं तिच्या. नेद्याल्को, वाईट वाटून घेऊ नकोस."

"राहिलं नव्हतं," नेद्याल्को म्हणाला.

"मग?"

"हंगाम संपला की ऑक्टोबरात पेटी बंद करायची असते. तिने लिहून ठेवलंय. मी बंद केली नाही. ओल धरते म्हणालो ते खोटं. आज पुसलं जाईल म्हणालो तेही खोटं. तिच्या कामात चूक नाही."

ग्रोझ्दानने बिल्यानाकडे पाहिलं. ती पानाच्या घड्या नीट करत होती.

"सोळा महिने?" ग्रोझ्दान म्हणाला. वळून बाहेर गेला. थोड्या वेळाने ट्रकचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं.

"बाई, ती केबल काढायची का आधी?" नेद्याल्कोने विचारलं.

"राहू दे. तिला काही होत नाही."

त्याने बॅटरीची तार सोडवली. मग बटणावर अंगठा ठेवला आणि दाबला. हिरवा दिवा गेला. पंखा आणखी काही फेऱ्या फिरत राहिला आणि थांबला. तो आवाज थांबल्यावर फरशीवरच्या बायकांचं बोलणं एकदम जवळ आल्यासारखं झालं.

बिल्याना ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजत होती. दहा झाल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं. तो बटणापासून बाजूला झाला.

"सुरू तू कर, पोरी."

"मी?"

"हो. आणि झाकणाच्या आत पेन्सिलने आजची तारीख लिही. कधीपासून चालू आहे, ते दिसायला हवं सगळ्यांना."

तिने बटण लावलं. पंखा फिरला, दिवा लुकलुकला, आणि पलीकडे पहिल्या भट्टीची झडप खडखडत उघडली. बायकांनी फुलं भरायला घेतली होती. बिल्यानाने झाकण उलटं मांडीवर घेतलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, २८ मे २००९.

"वेळ पण लिहू?"

"नको," नेद्याल्को म्हणाला. "तारीख पुरे."