उजवीकडून उमलणारी वेल

“उल्टा है, भाई. पूरा उल्टा,” सुपरवायझर कुमार म्हणाला आणि त्याने मूळ चित्र पट्टीशेजारी धरलं.

यूनुसने चित्राकडे पाहिलं, मग पट्टीकडे. आखातातल्या अल सुलैच्या त्या सुतारखान्यात तुकारामने अकरा दिवस मान मोडून ती सागवानी पट्टी कोरली होती. मक्केतल्या एका नव्या हॉटेलच्या मुख्य दारावर, चौकटीच्या माथ्यावर ती बसायची होती. एका टोकाला मिटलेली कळी, तिथून निघालेली वेल, आणि दुसऱ्या टोकाला भरगच्च फूल. कळी आली होती डावीकडे. मराठी माणूस सुरुवात करणार तरी कुठून? पण इथे सगळं उजवीकडून वाचायचं, वेलसुद्धा. ट्रेसिंगचा कागद आरपार दिसणारा, उलटा-सुलटा कळायची सोय नाही. आणि तो चिकटवला होता यूनुसने. लहानपणापासून कुराण वाचत आलेल्या दापोलीच्या यूनुसने!

“दूसरी पट्टी मशीन से निकाल देंगे,” कुमार म्हणाला. “तुकाराम का तो गुरुवार को फ्लाइट है.”

फायनल एक्झिट लागली होती. बावीस वर्षांनी तुकाराम कायमचा घरी, यूनुसच्याच दापोलीला निघाला होता, आणि जाताना त्याच्या पदरात यूनुसने हे घातलं होतं.

“दादा, चूक माझी हाय,” यूनुस कसाबसा म्हणाला.

“दोघांची. मीपण बघितलाच ना कागद?” तुकारामने पट्टीवरून एकदा सावकाश हात फिरवला, ती भिंतीला टेकवली आणि नवी फळी उचलली. “शनिवार आज. होईल. हात बसलाय आता.”

“कशाला पण? तुम्ही तर चाललात. मक्केत मुसलमानांशिवाय कुणाला सोडत नायत. ती लागलेली दिसायचीसुद्धा नाय तुम्हाला!”

“म्हणून काय वाकडी कोरू?”

पुढचे चार दिवस यूनुस नुसता बघत राहिला. तुकाराम लाकडाशी इतका वाकायचा की त्याच्या श्वासाने भुसा उडायचा. पाकळीच्या वरच्या, खालून कधीच न दिसणाऱ्या अंगालाही तो पॉलिश पेपर मारत बसे. जीव ओतणं म्हणतात ते हेच, यूनुसला वाटे. आणि जेवणाची घंटा झाली की हाच माणूस वेलीचं पान अर्धं कोरून पटाशी खाली ठेवी, बांगड्याच्या कालवणाला नावं ठेवत दोनदा भात घेई आणि वीस मिनिटं घोरत पडे. उलट यूनुसचंच ताट तसंच राही. असं कसं जमतं या माणसाला? एवढं धरायचं आणि एवढं सहज सोडायचं? यूनुसला त्याची जवळजवळ भीती वाटू लागली, मोठ्या माणसांची वाटते तशी.

बुधवारी दुपारी तुकारामने शेवटचा भुसा फुंकला.

“घे. बत्ह्याच्या बाजारात जाऊन येतो. बायकोला ब्लँकेट घ्यायचं राहिलंय.”

त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नऊ दिवसांनी यूनुसने मक्केत ती पट्टी बसवली. शिडीवरून उतरून त्याने वर पाहिलं. सकाळच्या उन्हात उजवीकडची कळी हळूहळू उमलत डावीकडे फुलली होती. एक म्हातारी यात्रेकरू नवऱ्याचा कोपर धरून थांबली, वर बघत राहिली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. यूनुसला राहवेना. त्याने व्हिडिओ कॉल लावला.

“दादा, बघा! लोक थांबून बघतायत!”

दापोलीतल्या घराच्या अंगणात उघडाबंब बसलेल्या तुकारामने डोळे बारीक केले. क्षणभर त्याचा चेहरा उजळला.

“चांगली बसलीय रे. हातोडी जपून मारलीस.” मग म्हणाला, “शेजारच्या सत्यभामाकाकूच्या बकऱ्यांच्या खोपीचं दार करतोय. काल कोल्हा येऊन गेला. संध्याकाळपर्यंत लावायला हवं.”

फोन त्याने तसाच चालू कुठेतरी ठेवून दिला. पडद्यावर नुसतं आकाश आणि माडाची एक झावळी दिसत होती. रंध्याचा आवाज येत होता. लांब, सावकाश, एकसारखा. मग तो थांबला. तुकाराम फळीवरून हात फिरवत असणार. पुन्हा रंधा सुरू झाला.

यूनुसने फोन बंद केला नाही. त्या भव्य दारासमोर तो फोन कानाशी धरून रंधा ऐकत उभा राहिला.