लाल दिव्यावरची काळी पट्टी

मी लाल दिवा बोलतोय. मोहरीएवढा. माइकची वायर ज्या डबीत खुपसतात, त्या डबीच्या कपाळावर बसलोय. माझ्या खालचे हिरवे भाऊ लुकलुकले की सगळं ठीक. मी लागलो म्हणजे आवाज फाटला. माझं काम एवढंच. पण एवढंसुद्धा ज्याच्या डोक्यात शिरत नाही, अशा माणसाच्या हाती मी पडलो.

आमचे उस्ताद! हे नाव मीच ठेवलंय. एरवी विमा कंपनीत कारकून, सुट्टीच्या दिवशी संगीतकार. कपाटाला गादी टेकवली की झाला स्टुडिओ. ध्यास एकच, आपलं गाणं जगातल्या सगळ्या गाण्यांपेक्षा मोठं वाजलं पाहिजे. चाल बेताची, सूर त्याहून बेताचा, पण आवाज दणदणीत! बटण उजवीकडे पिळायचं, मी लाल व्हायचो आणि हे खूश.

"बघ, काय जोर आहे!" ते बायकोला म्हणायचे.

"जोर कसला? कढई घासल्यासारखं वाजतंय."

तिचं कोण ऐकतंय? अहो, आधी आवाज बेतानं घ्यावा, वर थोडी जागा मोकळी ठेवावी. मोठा काय, नंतरही करता येतो. फाटलेला शिवता येत नाही. कप काठोकाठ भरला तर चहा बशीत सांडतो, हे शेंबड्या पोराला कळतं, उस्तादांना नाही.

मग त्यांच्या वडिलांच्या घशात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन, स्वरयंत्रच काढणार. बत्तीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केलेला माणूस तो, आता कायमचा मुका होणार होता. सहा वर्षांच्या नातीनं हट्ट धरला, "आजोबा, माझी अस्वलाची गोष्ट यात भरून ठेवा."

शनिवारी सकाळी सगळे बसले. म्हातारे सवयीनं माइकपासून वीतभर लांब बसले. उस्तादांनी माइक त्यांच्या तोंडाशी ढकलला आणि बटण पिळलं.

"बाबा, जोरात बोला. आयुष्यभराची आठवण आहे, दणदणीत झाली पाहिजे."

"माइकवर ओरडायचं नसतं रे."

"तुमचा जमाना गेला, बाबा. करा सुरू."

बत्तीस वर्षांचा अनुभव असा एका फटक्यात निकालात! गोष्ट सुरू झाली आणि मी लागलो. लागलो तो विझायला फुरसतच मिळेना. दोन वाक्यांनंतर म्हातारे थांबले, मागे सरकले आणि हळूच म्हणाले, "बाळा, हा लाल दिवा सारखा का लागतोय रे?"

शाबास! घरात एकाला तरी डोळे होते.

"त्याच्याकडे नका बघू, बाबा," म्हणत उस्तादांनी खणातून काळी चिकटपट्टी काढली आणि चक्क माझ्या तोंडावर चिकटवली. गोष्ट संपेपर्यंत मी आतल्या आत जळत होतो.

ऑपरेशन नीट झालं. म्हातारे घरी आले, पाटीवर लिहून बोलू लागले. नात त्यांच्या मांडीवर बसली आणि उस्तादांनी ऐटीत गोष्ट लावली. अस्वल आलं ते करकरत, खरखरत. पोरीनं कानांवर हात ठेवले.

"हे माझे आजोबा नाहीत!"

उस्तादांनी आवाज कमी केला, तर फाटलेलंच हळू वाजायला लागलं. पुढे नेलं, मागे आणलं, सगळं तसंच. त्यांना घाम फुटला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग पट्टीच्या कडेच्या फटीतून म्हाताऱ्यांचा चेहरा दिसला आणि माझीच मला लाज वाटली.

चाळता चाळता एकच वाक्य निघालं. स्वच्छ, हळू, जसंच्या तसं.

"बाळा, हा लाल दिवा सारखा का लागतोय रे?"

"हेच! हेच माझे आजोबा!" नात टाळ्या पिटायला लागली. "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. म्हाताऱ्यांनी पाटी ओढली, दोनच शब्द लिहिले आणि लेकापुढे धरली.

'सांग की.'

उस्ताद मान खाली घालून उठले आणि नखानं माझ्यावरची पट्टी सोलली. डिंक अजून चिकटलेलाय, मला धूसर दिसतं. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद लागला, तर कृपा करा, बटण मागे घ्या. आमची हौस म्हणून नाही लागत आम्ही.

नात रोज शाळेतून आली की ते वाक्य लावते. आजोबा रोज विचारतात. उस्तादांनी अजून उत्तर दिलेलं नाही.